बोलणारे पुष्कळ, पाहणारे थोडे

आपल्या संघाच्या या मासिकांत बियाणें, खतें, पाणीपाळ्या, बाजारभाव आणि सरकारी ठराव यांविषयीं माहितीपूर्ण लेख येत असतात, व ते यावेतच. आजचा आमचा विषय वरवर पाहतां त्यांहून निराळा आहे. तो एका परदेशी विदुषीच्या जाहीर व्याख्यानाचा आहे. परंतु या विदुषीचा धंदा गुरांचा आहे. आणि त्या जी गोष्ट सांगतात ती ज्याच्या दावणीला चार जनावरें आहेत व ज्याच्या घरांत चार मुलें आहेत अशा प्रत्येकाच्या कामाची आहे. म्हणून वाचकांनीं हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंति आहे.

या विदुषीचें नांव डॉ. टेंपल ग्रँडिन. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्याच्या विद्यापीठांत १९९० सालीं त्या पशुविज्ञानाच्या अध्यापिका म्हणून रुजू झाल्या. निरनिराळ्या विद्यापीठांच्या सभागृहांत त्यांनीं आजवर जीं जाहीर व्याख्यानें दिलीं आहेत त्यांचे विषय मुख्यतः दोन: एक गुरें आणि दुसरा स्वमग्नता. हीं व्याख्यानें आतां मोबाइलवर कोणासही पाहतां येतात. आमचें इंग्रजीचें ज्ञान बेताचेंच; परंतु आमच्या शेतकी पदवीधर पुतण्यानें शेजारीं बसून अर्थ सांगितला आणि आम्हीं तीं लक्षपूर्वक ऐकिलीं. गुराख्याच्या थाटाचा भरतकाम केलेला सदरा, गळ्याशीं बांधलेला रुमाल, खणखणीत आवाज, आणि शब्दांपेक्षां चित्रांवर अधिक भर, असा त्यांचा थाट आहे. वक्तृत्वाची सजावट तेथें नाहीं. पडद्यावर एका गल्लीचें चित्र येतें, आणि बाई विचारतात कीं, येथें जनावर कां थांबलें तें सांगा. श्रोते पाहत राहतात. मग त्या दाखवितात: कुंपणाला एक साखळी लोंबते आहे, ती हालते आहे. एवढेंच कारण.

स्वमग्नता म्हणजे काय हें प्रथम सांगितलें पाहिजे. इंग्रजींत तीस ऑटिझम म्हणतात. १९४३ सालीं बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनीं अकरा मुलांचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून वैद्यकांत या स्थितीस स्वतंत्र ओळख मिळाली. अशा मुलाच्या मेंदूची घडणच निराळी असते. तें उशिरां बोलतें किंवा बोलतच नाहीं. डोळ्यास डोळा देत नाहीं. एकच खेळ, एकच हालचाल पुनःपुन्हां करितें. रोजच्या क्रमांत फरक पडला कीं बिथरतें. मोठा आवाज, खरखरीत कापड, माणसांची गर्दी यांचा त्यास सोसवत नाहीं इतका त्रास होतो. हा स्पर्शजन्य रोग नव्हे, करणी नव्हे, आणि आईच्या वागण्याचा दोष तर मुळींच नव्हे. हें शेवटचें मुद्दाम सांगण्याचें कारण असें कीं, आईची माया कमी पडली म्हणून मूल असें होतें असें छातीठोकपणें सांगणारे विद्वान अमेरिकेंतही होऊन गेले. १९६४ सालीं बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञानें, जो स्वतः अशा मुलाचा बाप होता, ग्रंथ लिहून त्या मताचें खंडन केलें. त्यानंतर हळूहळू तेथील आयांच्या माथ्यावरचा आळ उतरला. आपल्या खेड्यांत तो आळ घेण्यास विद्वान लागत नाहींत. घरचीं माणसें आणि शेजारणी पुरेशा आहेत.

टेंपल यांचा जन्म २९ ऑगस्ट १९४७ रोजीं बोस्टन शहरांत झाला. दोन वर्षांची झाली तरी मुलगी बोलेना, कोणास जवळ घेऊं देईना, किंचाळे. डॉक्टरांनीं मेंदूला इजा आहे असें निदान केलें. अशीं मुलें कायमचीं एखाद्या संस्थेंत ठेवून द्यावयाचीं अशी त्या काळीं तिकडे रीत होती, व तसा सल्लाही मिळाला. परंतु आई युस्टेशिया यांनीं तो मानला नाहीं. त्यांनीं बोलणें शिकविणारी शिक्षिका गांठली. घरीं एक दाई ठेवली. तिचें काम एवढेंच कीं, मुलीशीं तासन्‌तास खेळावें, आणि खेळांत एक डाव तुझा व एक डाव माझा हें तिला शिकवावें. चार वर्षांची होतां होतां मुलगी बोलूं लागली. पुढें घरीं पाहुणे आले म्हणजे त्यांचें स्वागत करण्याचें काम आई तिच्याकडे देई. मूल निराळें आहे म्हणून त्याचे लाड केले नाहींत, आणि निराळें आहे म्हणून त्यास कोपऱ्यांतही बसविलें नाहीं. या एका वाक्यांत त्या आईचें सारें शहाणपण आलें असें आम्हांस वाटतें.

शाळेचे दिवस तिला कठीण गेले. मुलें चिडवीत, एका मुलीच्या अंगावर पुस्तक फेंकल्यामुळें शाळेंतून नांव कमी झालें. मग न्यू हॅम्पशायर राज्यांतील एका निवासी शाळेंत तिला घातलें. तेथें घोडे होते. अभ्यासांत तिचें मन नव्हतें. परंतु घोड्यांचे ठाण ती रोज नियमानें झाडी व घोड्यांस चारावैरण घाली. या कामानें तिला कामाची शिस्त लागली असें त्या आजही सांगतात. सुटींत एका नातलग बाईंच्या ॲरिझोनांतील कुरणावर गेली असतां तिनें पाहिलें कीं, लस टोंचण्यासाठीं जनावराला लोखंडी खोड्यांत दोन्ही बाजूंनीं दाबून धरलें म्हणजे तें पुष्कळदां शांत होतें. तिला स्वतःला माणसाचा स्पर्श सोसत नसे, परंतु अंगावर सारखा दाब असावा असें वाटे. तिनें फळ्या जोडून स्वतःसाठीं तसा खोडा केला! शाळेंतील मानसतज्ज्ञांस तें वेड वाटलें. परंतु विज्ञानाचे शिक्षक विल्यम कार्लॉक म्हणाले कीं, या दाबानें मन शांत होतें खरें, तर तें कां होतें याचा शास्त्रीय शोध घे. त्या शोधापायीं तिला पुस्तकांची गोडी लागली. १९७० सालीं पदवी, १९७५ सालीं ॲरिझोना स्टेट विद्यापीठांत पशुविज्ञानाची वरची पदवी, आणि १९८९ सालीं इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी त्यांनीं मिळविली. चांगला शिक्षक वेडाला हंसत नाहीं. तो त्यास वैरण घालतो.

आतां त्यांच्या कामाकडे वळूं. सत्तरच्या दशकांत ॲरिझोनांतील एका शेतकी पत्रांत पशुविभागाचें लेखन करीत त्या गुरांच्या छावण्यांवर हिंडत. पुरुषांच्या धंद्यांत बाईचें काय काम, म्हणून कांहीं ठिकाणीं त्यांना आंत येऊं देत नसत. त्यांनीं जी गोष्ट केली ती अगदीं साधी होती: जेथें जनावरें अडत, तेथें त्या स्वतः वांकून, जनावराच्या डोळ्यांच्या उंचीवरून, त्याच गल्लींतून चालत गेल्या व वाटेंत काय दिसतें याचे फोटो घेतले. जे लोक वर्षानुवर्षें तेथें काम करीत होते त्यांना हें सुचलें नव्हतें. ते ओरडत होते, काठ्या मारीत होते, विजेचे चटके देत होते. बाईंना दिसलें कीं, जमिनीवर ऊन आणि सावली यांचा पट्टा आहे. डबक्यांतील पाणी चमकतें आहे. कुंपणावर कोणाचा तरी कोट टांगलेला आहे. उजेडांतून एकदम अंधारांत शिरावें लागतें आहे. जनावर हट्टी नव्हतें; तें पाहत होतें. नाचतां येईना म्हणून अंगण वांकडें म्हणतात. येथें हांकतां येईना म्हणून बैल वांकडा.

याचीं कारणें शास्त्रीय आहेत व शेतकऱ्यानें तीं समजून घ्यावींत. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस असल्यामुळें त्यांस आपल्या भोंवतीं तीनशें अंशांहून अधिक दिसतें. ठीक पाठीमागें तेवढें दिसत नाहीं. म्हणून पाठीमागून मुकाट्यानें जाणाऱ्यास लाथ बसते. परंतु खोली आणि उंची यांचा अंदाज त्यांस चटकन येत नाहीं. मान खालीं घालून, थांबून पहावें लागतें. त्यामुळें जमिनीवरची सावली त्यांस खड्ड्यासारखी भासूं शकते. थांबलेल्या जनावरास क्षणभर पाहूं दिलें तर तें बहुधा आपणच पाऊल टाकतें. दुसरें असें कीं, प्रत्येक मोकळ्या जनावराभोंवतीं भीतीची एक हद्द असते. माणूस त्या हद्दीच्या कांठावर राहिला तर जनावर शांतपणें चालतें. एकदम आंत घुसला तर उधळतें. जनावराच्या खांद्याच्या मागें उभें राहिलें तर तें पुढें जातें, खांद्याच्या पुढें आलें तर मागें सरतें. आणि एकदां घाबरून उधळलेलें जनावर निवण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात. त्यापूर्वीं त्यास पुन्हां पकडूं जाणें म्हणजे आपल्या हातानें भांडण विकत घेणें होय.

याच विद्येवर बाईंनीं गुरांसाठीं वळणाच्या, भरीव भिंतींच्या गल्ल्या आंखल्या. एकदां गोचीड-उवांसाठीं गुरांस औषधी पाण्याच्या हौदांतून नेण्याची व्यवस्था त्यांना करावयाची होती. पूर्वीचा प्रघात असा कीं, गुळगुळीत घसरगुंडीवरून जनावर हौदांत पडे व भयानें तडफडे. बाईंनीं खांचा पाडलेला काँक्रीटचा उतार केला. जनावर पाय रोंवून उतरे आणि पाण्यांत आपणहून पोहूं लागे. परंतु कामकऱ्यांना तें पटेना. त्यांनीं त्या उतारावर लोखंडी पत्रा ठोकून पुनः घसरगुंडी केली, आणि पहिल्याच दिवशीं दोन जनावरें बुडालीं. पत्रा काढला, आणि काम सुरळीत चाललें. जुन्या वहिवाटीचा आग्रह किती महाग पडतो याचा हा दाखला आहे.

आमचा जन्म कारकुनींत गेला. म्हणून बाईंची आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष भावली. त्या म्हणतात कीं, जें मोजीत नाहींत तें सुधारत नाहीं. १९९९ सालीं मॅक्डोनाल्ड्स या खाद्य कंपनीसाठीं त्यांनीं कत्तलखान्यांची तपासणी सुरू केली. त्यांनीं ‘जनावरांस दयेनें वागवावें’ असें मोघम कलम लिहिलें नाहीं. शंभर जनावरांत किती घसरून पडलीं, किती हंबरलीं, किती जणांस विजेचा चटका द्यावा लागला, किती पहिल्याच आघातांत बेशुद्ध झालीं, असे आंकडे मांडले. पडणारीं शंभरांत एकाहून अधिक नकोत, हंबरणारीं तिघांहून अधिक नकोत, अशी मर्यादा घातली. जो नापास होईल त्याचा माल बंद. परिणाम असा झाला कीं, पाऊणशें कारखान्यांपैकीं अवघ्या तिघांनाच मोठा खर्च करावा लागला असें त्या सांगतात. बाकीच्यांचें काम न घसरणारी जमीन, योग्य ठिकाणीं एक दिवा, आडोशाची एक फळी, हत्यारांची निगा आणि नोकरांची शिकवण एवढ्यावर भागलें. सुधारणेला पैसा नाहीं, ही सबब किती वेळां खोटी असते पहा.

यावर आमचे कांहीं वाचक रागावून म्हणतील कीं, कत्तलखान्यांच्या रचना करणाऱ्या बाईकडून आम्हीं काय शिकावें? आक्षेप रास्त आहे व त्यास बगल देणें योग्य नाहीं. गोमांस खाणाऱ्या देशांत त्या जन्मल्या. तेथें जें घडतेंच आहे तें निदान भयाविना व वेदनेविना घडावें, एवढें व्रत त्यांनीं घेतलें. आपल्या राज्यांत २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीस बंदी आहे. परंतु कत्तल नाहीं म्हणजे क्रूरता नाहीं असें आहे काय? बाजारांतून ट्रकमध्यें शेंपटी पिरगाळून चढविलेला बैल, निसरड्या फळीवरून पाय मोडलेली म्हैस, पोळ्याच्या दिवशीं झूल घालून पूजलेला आणि दुसऱ्या दिवशीं पराणीच्या आरेनें रक्तबंबाळ झालेला ढवळ्या हें सर्व आपण पाहतों. शर्यतींच्या कायद्यास सर्वोच्च न्यायालयानें मे २०२३ मध्यें मान्यता दिली. परंतु ती परवानगी चटक्यांवांचून व टोंचणीवांचून धांवणाऱ्या बैलांस आहे, हें विसरून चालणार नाहीं. ज्यांनीं वर्षांतून एकदां पूजा करावी त्यांनीं उरलेले दिवस दुसऱ्या देशाच्या बाईपेक्षां कमी दया दाखविली तर पूजेचा अर्थ काय राहिला?

या बाबतींत एक नातेंही आहे. अमेरिकेंत ‘ब्राह्मण’ नांवाचा वशिंडाचा गोवंश आहे. त्याच्या मुळांत आपल्या देशांतून गेलेल्या गीर, ओंगोल वगैरे जातींबरोबर कृष्णाखोऱ्यांतील जातीचेंही रक्त आहे. ग्रँडिनबाईंचा अनुभव असा कीं, हा वशिंडाचा गोवंश मारहाणीनें फार लवकर बिथरतो, आणि ममतेनें वागविला तर तितकाच माणसाळतो. खिल्लाराच्या धन्यास हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. २०२२ सालीं लम्पी चर्मरोगाची लस टोंचतांना गांवोगांवीं काय धुमाकूळ झाला तो सर्वांस ठाऊक आहे. तेथें खोड्याच्या बाजू फळ्यांनीं झांकल्या असत्या, पायाखालीं मुरूम टाकला असता, बघ्यांस दूर ठेविलें असतें आणि आधीं दोन दिवस गुरांस त्या खोड्यांतून नुसतेंच नेऊन पलीकडे पेंढीभर चारा घातला असता, तर निम्मा धुमाकूळ झालाच नसता असें आमचें मत आहे. या गोष्टींस अनुदान लागत नाहीं.

परंतु गुरांच्या या विद्येहून मोठी गोष्ट व्याख्यानाच्या उत्तरार्धांत आहे. जें इतरांस दिसलें नाहीं तें बाईंस कां दिसलें? त्या सांगतात कीं, मी शब्दांत विचार करीत नाहीं, चित्रांत करितें. कोणी ‘देवळाचें शिखर’ म्हटलें तर सामान्य माणसाच्या मनांत एक मोघम आकृति येते. बाईंच्या मनांत पाहिलेल्या प्रत्येक शिखराचें वेगळें चित्र एकामागून एक उभें राहतें. जनावरालाही शब्द नाहींत. त्याचें जग दिसणें, ऐकणें आणि वास घेणें एवढ्यांचेंच. म्हणून त्याच्या वाटेंतली साखळी बाईंना दिसली. त्यांच्या मतें माणसांच्या मनाचे ढोबळ तीन प्रकार आहेत: वस्तूंचीं चित्रें पाहणारें, आकृतिबंध आणि गणित जाणणारें, व शब्दांत विचार करणारें. आजच्या शाळा तिसऱ्या प्रकाराच्या सोयीच्या आहेत. त्यांना स्वतःला बीजगणित कधीं आलें नाहीं. पण मोठमोठ्या यंत्रशाळांचे नकाशे त्या मनांतल्या मनांत चालवून पाहत. अमेरिकेंतील शाळांतून सुतारकाम, शिवण, स्वयंपाक हे वर्ग काढून टाकल्याबद्दल त्या वारंवार खंत करितात. हातानें काम करणारीं मुलें नापास ठरवून बाजूला सारलीं, आणि आतां यंत्रें बसविण्यास माणसें मिळत नाहींत म्हणून परदेशांतून आणावीं लागतात, असें त्यांचें गाऱ्हाणें आहे.

हें गाऱ्हाणें आपलेंही नाहीं काय? पंप उघडून पुनः जोडणारा, पाभरीचें चाडें ऐकून बी बरोबर पडतें कीं नाहीं सांगणारा, गायीच्या चालीवरून माज ओळखणारा मुलगा गणितांत नापास झाला कीं घरचे त्यास ‘बिनकामाचा’ म्हणतात; आणि बोलका, पाठ करणारा मुलगा शहरांत नोकरीस लागला म्हणजे घराणें उद्धरलें असें समजतात. आम्ही लेखणीवर जगलों. लेखणीची निंदा आम्ही करणार नाहीं. परंतु शेती बोलणाऱ्यांच्या जिवावर चालत नाहीं, पाहणाऱ्यांच्या जिवावर चालते, हें तरी शेतकऱ्यानें विसरूं नये.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. प्रत्येक स्वमग्न मूल ग्रँडिनबाईंसारखें होईल अशी आशा आईबापांस दाखविणें ही फसवणूक होय. कांहींस शेवटपर्यंत वाचा येत नाहीं; कांहींस जन्मभर दुसऱ्याचा हात लागतो. बाईंस संपन्न घर, खंबीर आई, चांगले शिक्षक व घोड्यांची शाळा लाभली. हें सर्वांस लाभत नाहीं. म्हणून मुलाची किंमत त्याच्या उपयोगावरून ठरवूं नये. जें मूल विद्वान होईल त्यासच जेवूं घालावें असा घराचा धर्म नसतो. बाईंच्या उदाहरणाचा अर्थ एवढाच घ्यावा कीं, जें बोलत नाहीं त्याच्या आंत कांहीं नाहीं, असें पाहिल्यावांचून ठरविण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

आणि ठरविलें जातें तें कशानें, तें आम्हीं कचेरींत बसून पाहिलें आहे. बाप वारला कीं वारसांची यादी येते. तीन भावांचीं नांवें असतात. चौथा असतो, पण यादींत नसतो. विचारलें तर उत्तर येतें, ‘तो खुळा आहे, त्यास काय करावयाची जमीन? आम्ही पोसतोंच कीं.’ कधीं त्याचा अंगठा हक्कसोडपत्रावर आधींच उठलेला असतो. एका गांवीं दोन चुलत्यांच्या तंट्यांत स्थळपाहणीस आम्ही साहेबांबरोबर गेलों होतों. बांध कोरला गेला होता, खुणेचा दगड सांपडेना, आणि दोन्ही पक्ष मोठमोठ्यानें बोलत होते. घरांतला एक चाळिशीचा भाऊ, जो चार शब्दांपलीकडे बोलत नसे व गुरांमागें असे, मुकाट्यानें उठला, बाभळीच्या एका खुंटापाशीं गेला आणि पायानें जमीन उकरूं लागला. हातभर खालीं दगड निघाला. त्यास कोणती स्थिति होती हें आम्ही सांगूं शकत नाहीं, कारण त्यास कोणा डॉक्टरास कधीं दाखविलेंच नव्हतें. परंतु ज्या जमिनीची हद्द त्यानें दाखविली त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर त्याचें नांव नव्हतें, एवढें आम्हीं स्वतः वाचलें आहे.

हा अन्याय कायद्यास मान्य नाहीं, हें प्रत्येक खातेदारानें ध्यानांत ठेवावें. हिंदु वारसा कायदा १९५६ याच्या २८ व्या कलमाप्रमाणें रोग, व्यंग किंवा विकृति या कारणावरून कोणाचाही वारसाहक्क जात नाहीं. ज्यास व्यवहार समजत नाहीं त्याच्याकडून करून घेतलेला करार १८७२ च्या करार कायद्यानें टिकत नाहीं. जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९ प्रमाणें वारसाहक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांच्या आंत तलाठ्याकडे द्यावयाची असते. ती वर्दी देतांना सर्व भावंडांचीं नांवें दिलीं पाहिजेत, बोलणाऱ्यांचीं आणि न बोलणाऱ्यांचींही. अठरा वर्षांवरील स्वमग्न व्यक्तीस तिचा व्यवहार पाहणारा पालक हवा असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालीं जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करितां येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें स्वमग्नता ही अधिकृतपणें मान्य केली आहे. तिचें प्रमाणपत्र मिळतें, आणि न्यासाच्या ‘निरामय’ योजनेंत वर्षास एक लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचा विमाही मिळतो. कागद आहेत; ते करून घेणारा पाहिजे.

म्हणून संघाच्या सभासदांस आमची चार गोष्टींची विनंति आहे. पहिली: दोन वर्षांचें मूल बोलत नसेल, हांकेस वळत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून स्वस्थ बसूं नये. अंगणवाडींत तपासणीस येणाऱ्या आरोग्यपथकास तें दाखवावें व जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता घ्यावा. अंगाऱ्याधुपाऱ्यांत गेलेलीं वर्षें परत येत नाहींत. दुसरी: अशा मुलास दारांआड ठेवूं नये. गोठ्याचें, रोपवाटिकेचें, मोजणी-निवडीचें ठराविक काम ठराविक वेळीं त्याच्या हातीं द्यावें, एका वेळीं एकच गोष्ट करून दाखवावी, व केल्याचा मोबदला द्यावा. तिसरी: वारसनोंदींत त्याचें नांव आधीं लिहावें. चौथी: संघाच्या गुरांच्या बाजारांत शंभर जनावरांमागें किती घसरलीं, किती हंबरलीं, कितींस आर टोंचली, याची एक वही ठेवावी. ही वही लिहिण्यास माणूस मिळाला नाहीं तर प्रस्तुत लेखक विनावेतन येण्यास तयार आहे. निवृत्तीनंतर हातास वहीची संवय राहतेच.

दावणीचें जनावर बोलत नाहीं. घरांतलें एखादें लेकरूंही बोलत नाहीं. दोघांचेंही म्हणणें समजून घेण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे आपण थोडा वेळ बोलणें थांबवून, खालीं वांकून, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून पाहणें. त्यास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. शेतकऱ्याजवळ असते तेवढी धीराची नजर पुरते.